ऊस, युरिया आणि पाणी: नत्र विहिरीत उतरू नये म्हणून कामाचा क्रम

सरीत युरिया फेकायचा आणि त्याच संध्याकाळी मोटर लावून सरी तुडुंब भरायची, हा क्रम उसाच्या शिवारात इतका रुळलेला आहे की त्यात काही चुकते असे कोणाला वाटतच नाही. नत्र (नायट्रोजन) सर्वांत जास्त वाया जाते ते इथेच. "युरिया कमी करून पाहिला, ऊस पिवळा पडला, पुन्हा गोण्या वाढवल्या" असे सांगणाऱ्यांनी बहुतेक वेळा पाण्याला हातच लावलेला नसतो. आधी पाणी मापात आणा, मग खत देण्याचा क्रम बदला, गोण्या सर्वांत शेवटी कमी करा. हे उलटे केले की पीक मार खाते आणि माणूस जुन्या सवयीवर परत येतो.

पुढचे आकडे एक एकर सुरू ऊस (डिसेंबर ते फेब्रुवारीत लावलेला), दोन फूट मध्यम काळी माती, खाली मुरूम आणि विहिरीचे पाणी असे धरून दिले आहेत. तुमची जमीन वेगळी असेल तर रीत तीच ठेवा, आकडे बदला.

## नत्र खाली जाते कसे

युरिया पाण्यात विरघळल्यावर मातीला चिकटत नाही; पाणी जाईल तिकडे जातो. ओल्या, उबदार मातीत साधारण दोन ते चार दिवसांत त्याचे अमोनियम होते. अमोनियमवर धन भार आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असल्याने ते मातीत धरले जाते. पुढच्या एक ते तीन आठवड्यांत जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेटवर मातीसारखाच ऋण भार असतो, त्यामुळे माती त्याला धरत नाही आणि मुळांच्या खाली उतरणाऱ्या प्रत्येक थेंबाबरोबर ते खाली जाते.

म्हणजे धोक्याचे काळ दोन: खत दिल्यावरचे पहिले तीन-चार दिवस, आणि साधारण आठवड्यानंतर पीक ते उचलून घेईपर्यंतचा काळ. निमकोटेड युरियातले कडुलिंबाचे आवरण अमोनियमचे नायट्रेट होणे थोडे लांबवते. पहिल्या चार दिवसांत मात्र त्याचा काही उपयोग नाही.

काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही म्हणून नत्रही जात नाही, असे म्हणणारे भेगा विसरतात. पाण्याचा ताण पडून भेगाळलेल्या रानात सरी भरली की पाणी भेगांतून थेट मुरमापर्यंत जाते आणि पृष्ठभागावरचा युरिया सोबत नेते. मुरमाखाली फुटीर खडक आणि त्यात तुमचीच विहीर.

## तयारी: काय काय जवळ ठेवायचे

- १० ते १२ मिमी जाडीची, मीटरभर लांब लोखंडी सळई. वर आडवी मूठ वेल्ड करून घ्या, दर १० सेंमीला खूण करा, टोक थोडे गोल घासा.
- २०० लिटरचे बॅरल आणि सेकंद दाखवणारे घड्याळ.
- नायट्रेट मोजायच्या रंगपट्ट्या. त्या मिळत नसतील तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या.
- सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा आणि पट्टी, पाऊस मोजायला.
- वही. तारीख, मोटर किती तास चालली, किती खत, किती पाऊस, एवढे चार रकाने पुरेत.

इशारा: माती परीक्षणाच्या अहवालातला "उपलब्ध नत्र" हा आकडा नायट्रेटचा नसतो. आपल्याकडे ती तपासणी सहसा अल्कधर्मी परमँगनेट पद्धतीने होते आणि त्यात सेंद्रिय पदार्थातून सुटू शकणारे नत्र मोजले जाते. खताची मात्रा ठरवायला तो अहवाल लागतोच. आज जमिनीत किती नायट्रेट मोकळे आहे, हे मात्र त्यावरून कळत नाही. ते हवे असेल तर नायट्रेट-नत्राची, म्हणजे नायट्रेटच्या रूपातल्या नत्राची, तपासणी वेगळी मागा.

## टप्पा १: जमीन किती पाणी धरते ते ठरवा

पिकाला वापरता येईल असे पाणी मीटरभर खोलीत ढोबळमानाने असे मिळते: हलकी मुरमाड जमीन ६० ते १०० मिमी, मध्यम काळी १२० ते १५०, भारी काळी १५० ते २००. यातले निम्मे संपले की पाणी द्यायचे.

आपल्या रानात १५० मिमी धरू. वाढलेल्या उसाची कामाची मुळे ६० सेंमीपर्यंत. म्हणजे ९० मिमी साठा आणि त्याच्या निम्मे, ४५ मिमी, एका पाळीचे पाणी. त्यापेक्षा जास्त दिलेले पाणी मुळांच्या खाली जाते.

आता लागणीनंतरचे पहिले दोन महिने पाहा. मुळे २०-२५ सेंमीतच असतात. तेवढ्या थरात एका पाळीला जागा असते जेमतेम १९ मिमीची. आणि सरी भरून आपण देतो ७० ते ८० मिमी. हंगामातला सर्वांत मोठा निचरा मोठ्या उसात होतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो या कोवळ्या उसात होतो, आणि नेमका त्याच काळात ४० टक्के नत्राचा हप्ताही पडतो.

तपासा: मुरूम किती खोलीवर आहे ते चार ठिकाणी खणून पाहा. दीड फुटावर मुरूम लागला तर हिशेब ६० ऐवजी ४५ सेंमीचा करा.

## टप्पा २: मोटरचे पाणी मोजा

पंपावर लिहिलेल्या हॉर्सपॉवरवरून पाणी कळत नाही. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेली की तोच पंप कमी पाणी फेकतो. पाइपाचे तोंड बॅरलात धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते तीन वेळा मोजून सरासरी काढा. ४० सेकंदांत २०० लिटर म्हणजे सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ हजार लिटर.

मिमीचे लिटर करायला गुंठ्याचा हिशेब सोपा आहे: १ मिमी म्हणजे गुंठ्याला सुमारे १०० लिटर, एकराला सुमारे ४ हजार लिटर. ४५ मिमी म्हणजे एकरी १ लाख ८० हजार लिटर, या मोटरीचे दहा तास.

मोटर ऑटोवर (वीज आली की आपोआप सुरू होईल अशी) टाकून दोन रात्री आठ-आठ तास चालली तर १६ तासांत सुमारे ७१ मिमी पाणी पडते. वरचे २६ मिमी खाली गेले. मुळांच्या थरातल्या पाण्यात त्या वेळी लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र असेल (खत देऊन दोन आठवडे झाले असतील तर ते सहज असते), तर एकरी पाच किलोहून जास्त नत्र, म्हणजे पाव गोणी युरिया, एका पाळीत गेला. अशा पाळ्या किती होतात ते वहीतच दिसेल.

इशारा: ऑटो स्विच लावायचाच असेल तर सोबत टायमर लावा. वीज रात्री किती वाजता येईल आणि किती तास राहील याचा भरवसा नसताना नुसता ऑटो म्हणजे जमिनीखाली पाणी भरण्याचे यंत्र.

## टप्पा ३: पाळीतले अंतर हवामानावरून काढा

उसाची रोजची गरज = बाष्पीभवन पात्रातले बाष्पीभवन × ०.७ × पीक गुणांक. गुणांक लागणीनंतर पहिले दोन महिने ०.४ ते ०.५५, फुटव्यांच्या काळात वाढत वाढत १ पर्यंत, जोमदार वाढीत १.१ ते १.२५, पक्वतेत ०.७ च्या आसपास. बाष्पीभवनाचा आकडा जवळच्या कृषी हवामान केंद्राकडून घ्या.

मे महिन्यात दिवसाला १० मिमी बाष्पीभवन आणि चार-पाच महिन्यांचा ऊस (गुणांक १) असेल तर गरज ७ मिमी. ४५ मिमी सहा दिवस पुरते. जानेवारीच्या अखेरीस ४.५ मिमी बाष्पीभवन आणि कोवळा ऊस असेल तर गरज दीड मिमीच्या आसपास; १९ मिमी बारा दिवस पुरते. "आठवड्याला पाणी" असा एकच नियम दोन्ही ठिकाणी लावला तर एकदा ऊस सुकतो आणि एकदा नत्र वाहते.

कालव्याच्या आवर्तनावर असाल तर अंतर तुमच्या हातात नसते, मात्रा मात्र असते. पुढचे आवर्तन कधी येईल या धास्तीने रान तुडुंब भरून ठेवण्यात अर्थ नाही. ४५ मिमीच्या वर दिलेले पाणी पुढच्या आवर्तनापर्यंत तिथे थांबत नाही. विहीर किंवा शेततळे भरून घेता येत असेल तर ते करा.

## टप्पा ४: नत्राचा खरा हिशेब

उसाची नत्राची शिफारस हेक्टरी आडसालीला (जुलै-ऑगस्टची लागण) ४००, पूर्वहंगामीला (ऑक्टोबर-नोव्हेंबरची लागण) ३४०, सुरूला आणि खोडव्याला (तोडणीनंतर जुन्या बुडख्यातून पुन्हा घेतलेला ऊस) २५० किलो अशी आहे. एकरी अनुक्रमे १६०, १३६ आणि १०० किलो. को ८६०३२ या जातीसाठी २५ टक्के जास्त सांगितले जाते. खालचे उदाहरण त्याशिवायचे आहे. नेहमीचे शेणखत या शिफारशीत धरलेलेच असते, ते वजा करू नका. वजा करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

कोंबडीखत. टनाला २० ते ३० किलो नत्र असते आणि पहिल्या वर्षी साधारण निम्मे हाती लागते. एकरी एक टन टाकले असेल तर १२ किलो वजा.

विहिरीचे पाणी. हे जवळजवळ कोणी धरत नाही. पाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर त्यातले नत्र ४० × ०.२२६ = ९ मिलिग्रॅम. हंगामात विहिरीचे ८०० मिमी पाणी दिले तर एकरी सुमारे ३२ लाख लिटर, म्हणजे २९ किलो नत्र. सगळे पिकाला मिळत नाही आणि शेवटच्या महिन्यांतले उपयोगाचेही नसते, म्हणून निम्मे धरा: १५ किलो वजा.

डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट). एकरी ४६ किलो स्फुरदासाठी (फॉस्फरस) ५० किलोच्या दोन गोण्या लागतात आणि त्यांतून १८ किलो नत्रही येते. ते हिशेबात घेतले नाही तर जवळजवळ एक गोणी युरिया फुकट जास्त पडतो.

तर १०० − १२ − १५ = ७३ किलो नत्र खतांतून, डीएपीचे १८ किलो धरून, द्यायचे. युरियाची गोणी आता ४५ किलोची, तिच्यात २०.७ किलो नत्र. जुन्या ५० किलोच्या गोणीवर केलेला हिशेब डोक्यात असेल तर तो सोडा.

इशारा: रंगपट्टीवर "नायट्रेट" लिहिले आहे की "नायट्रेट-नायट्रोजन" ते वाचा. १० मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन म्हणजे सुमारे ४४ मिलिग्रॅम नायट्रेट. गल्लत झाली तर हिशेब साडेचार पटींनी चुकतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे. त्यावर असलेल्या विहिरीचे पाणी तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीत वापरू नका. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट त्याचे प्रमाण वाढते.

## टप्पा ५: हप्ते पाडा

नत्राची शिफारशीतली वाटणी: लागणीला १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४०, १२ ते १६ आठवड्यांनी १०, मोठ्या बांधणीला (उसाच्या बुडाला माती चढवून वरंबा करताना) ४०. ७३ किलोची वाटणी अशी बसते:

| वेळ | लागणारे नत्र | काय द्यायचे |
|---|---|---|
| लागण | ७ किलो | डीएपी १ गोणी (९ किलो नत्र). युरिया नाही |
| ६ ते ८ आठवडे | २९ किलो | युरिया ६३ किलो |
| १२ ते १६ आठवडे | ७ किलो | युरिया १६ किलो |
| मोठी बांधणी | २९ किलो | डीएपी १ गोणी + युरिया १ गोणी |

एकूण युरिया १२४ किलो, म्हणजे पावणेतीन गोण्या. काहीच वजा न करता १०० किलो नत्र नुसत्या युरियातून दिले असते तर पाच गोण्यांच्या जवळ गेलो असतो, आणि त्यावर डीएपीचे नत्र वेगळेच.

लागणीला डीएपी टाकूनही "उगवणीसाठी" वर युरिया टाकणे ही नेहमीची चूक. कांडीला पहिले काही आठवडे तिच्यातलाच साठा पुरतो, मुळे नसतात, आणि उगवणीसाठी पाणी मात्र वारंवार दिले जाते. तो युरिया उसाला मिळत नाही.

हलक्या जमिनीत ६३ किलोचा हप्ता एकदम देऊ नका. सहाव्या आणि नवव्या आठवड्यात निम्मा-निम्मा करा.

पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५), कॅल्शियम नायट्रेट आणि २४:२४:० यांत नत्राचा काही किंवा सगळा भाग आधीच नायट्रेटच्या रूपात असतो. पाटपाण्यावर आणि पावसाच्या तोंडावर ही खते टाळा. ठिबकमधून थोडी थोडी दिली तर चालतात.

## टप्पा ६: खत देण्याचा क्रम

एवढा एक टप्पा जरी पाळला तरी फरक दिसेल. क्रम असा:

१. आधी पाणी. खत देण्याच्या आधीची पाळी नेहमीसारखी, मापात द्या. रान भेगाळलेले असेल तर त्याआधी कोळपून भेगा बुजवा.

२. वाफसा येऊ द्या. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, खाली टाकला तर फुटावा. चिखलात खत देऊ नका.

३. पहारीने खड्डे. उसाच्या बुडापासून १० सेंमी अंतरावर, १० ते १५ सेंमी खोल, ३० सेंमी अंतराने. मजूर नसतील तर नांगराने उथळ तास काढून त्यात टाका. फेकून द्यायचे नाही.

४. लगेच मातीने बुजवा. आपल्या बहुतेक काळ्या जमिनींचा सामू (पीएच) ८ च्या आसपास किंवा वर असतो. तिथे उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन हवेत जातो. एका बाजूला वाफ, दुसऱ्या बाजूला निचरा, अशी कात्री टाळायला खत वाफशाच्या मातीत गाडणे हाच मार्ग.

५. चार-पाच दिवस पाणी नाही. माती ओली आहे, पिकाला ताण पडत नाही आणि तेवढ्यात युरियाचे अमोनियम होऊन ते मातीला चिकटते. वेळापत्रकात ही पाळी आधीच बसवा, नाहीतर सवयीने कोणीतरी मोटर चालू करतेच.

६. पुढची पाळी हलकी. पूर्ण ४५ ऐवजी २५-३० मिमी.

इशारा: दांडावर ड्रम ठेवून वाहत्या पाण्यात युरिया सोडण्याची पद्धत पाटपाण्यात करू नका. सरीच्या तोंडाला पाणी जास्त वेळ थांबते, म्हणून तिथे खत जास्त आणि निचराही जास्त. शेवटाला दोन्ही कमी. तोंडाचा ऊस काळाभोर होऊन लोळतो, शेवटाचा पिवळा राहतो, आणि सरसकट आणखी युरिया टाकला जातो.

खत कोरड्यात टाकावेच लागले तर बुजवून १०-१५ मिमी हलके पाणी द्या. पाटाने एवढे कमी पाणी देणे जमत नाही. तिथे तुषार संच वापरा किंवा थांबा.

## टप्पा ७: पाटपाण्याची सरी

एका वेळी खूप सऱ्या उघडल्या की प्रत्येकीत पाणी सावकाश चालते आणि तोंडाशीच मुरत राहते. सऱ्या कमी उघडा, पाणी जोरात पळू द्या. एका सरीला लागणाऱ्या एकूण वेळेच्या पाव वेळात पाणी शेवटाला पोचले तर तोंड आणि शेवट यांत फार फरक राहत नाही. हलक्या जमिनीत सरी ४०-५० मीटरच्या वर नेऊ नका.

पाणी सरीच्या शेवटाच्या थोडे अलीकडे असतानाच तोंड बंद करा. वाहते पाणी उरलेले अंतर कापते. शेवटाला डबके साचत असेल तर तोंड उशिरा बंद होते आहे, असे समजा.

मोठ्या बांधणीनंतर ऊस वरंब्यावर येतो. तेव्हापासून एक आड एक सरी भिजवता येते. पुढच्या पाळीला राहिलेल्या सऱ्या घ्या. बांधणीआधी ऊस सरीतच असल्याने हे जमत नाही.

तपासा: पाणी दिल्यावर हलक्या जमिनीत दुसऱ्या दिवशी, काळ्या जमिनीत तिसऱ्या दिवशी सळई दाबा. ओल्या मातीत ती अंगाच्या भाराने जाते, कोरड्यावर अडते. तोंडाला, मध्ये, शेवटाला प्रत्येकी तीन ठिकाणी पाहा. कोवळ्या उसात ३० सेंमीपेक्षा आणि मोठ्या उसात ६० पेक्षा खाली सळई सहज जात असेल तर पुढच्या पाळीला वेळ कमी करा. तोंडाला जाते आणि शेवटाला जात नाही असे झाले तर वेळ नव्हे, सरीची लांबी किंवा प्रवाह बदला.

## टप्पा ८: ठिबकवर

ठिबक बसवले की निचरा थांबला, हा सर्वांत महागडा गैरसमज आहे. ठिबकखाली मुळे अरुंद पट्ट्यात असतात आणि जास्तीचे पाणी त्याच पट्ट्यातून सरळ खाली उतरते. वरून रान कोरडे दिसते, म्हणून शंकाही येत नाही.

संच तासाला किती मिमी देतो ते काढा. ५ फुटी पट्टा, ४० सेंमीवर २ लिटरचे ड्रीपर: एका ड्रीपरला १.५ × ०.४ = ०.६ चौरस मीटर, म्हणजे तासाला ३.३ मिमी. ७ मिमीच्या दिवशी, संचाची थोडी घट धरून, सव्वादोन तास ते २ तास २० मिनिटे. सकाळी वीज आल्यापासून जाईपर्यंत ठिबक चालू ठेवणारा शेतकरी तिप्पट पाणी देतो.

सारखेपणा मोजल्याशिवाय ठिबकमधून खत देऊ नका. चार लॅटरल (ड्रीपर बसवलेल्या नळ्या) घ्या, प्रत्येकीवर चार ठिकाणी एक मिनिट पाणी गोळा करा. सोळांपैकी सर्वांत कमी चारांची सरासरी एकूण सरासरीच्या ८५ टक्क्यांच्या खाली असेल तर आधी फिल्टर धुणे, लॅटरलची टोके सोडणे, आम्ल प्रक्रिया.

खताचे आठवड्याचे हप्ते, त्याच १२४ किलोचे:

- आठवडा ४ ते ८: दर आठवड्याला ४ किलो युरिया
- आठवडा ९ ते २०: ७ किलो
- आठवडा २१ ते २५: ४ किलो

डीएपी ठरल्याप्रमाणे जमिनीतूनच द्या. व्हेंचुरीतून (वाहत्या पाण्यात खताचे द्रावण ओढणारे साधन) सोडले तर ड्रीपर बंद पडतात.

खत देण्याच्या दिवशी वेळ अशी वाटा. दोन तास संच चालणार असेल तर पहिला तासभर नुसते पाणी. मग युरिया पाचपट पाण्यात विरघळवून, गाळून, अर्धा-पाऊण तास व्हेंचुरीतून. शेवटी फक्त पाइप धुतला जाईल एवढेच पाणी. ही शेवटची वेळ अंदाजाने ठरवू नका: पांढऱ्या पोटॅशसारखे क्षारयुक्त खत सुरू केल्यापासून (नुसत्या युरियाने ईसी वाढत नाही) सर्वांत लांबच्या ड्रीपरच्या पाण्याचा ईसी (विद्युत वाहकता) वाढायला किती मिनिटे लागतात ते स्वस्तातल्या ईसी मीटरने एकदा पाहा. बंद केल्यावर तेवढीच मिनिटे आणि वर पाच मिनिटे. सुरुवातीलाच खत सोडून नंतर दीड तास पाणी चालवले तर ते मुळांच्या खाली ढकलले जाते.

युरिया विरघळताना पाणी बर्फासारखे गार पडते आणि विरघळणे मंदावते. आदल्या रात्री भिजत घाला किंवा उन्हात ठेवलेले पाणी घ्या. निमकोटेडचा तेलकट थर वर येतो, तो फडक्याने गाळा.

इशारा: व्हेंचुरी आणि पंप यांच्यामध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. वीज अचानक गेली की पाइपातले पाणी उलटे फिरते आणि खताचे द्रावण सरळ विहिरीत. फूटव्हॉल्व्हवर विसंबू नका, तो गळका असतोच. दर महिन्याला खात्री करा: पंप बंद केल्यावर व्हॉल्व्हच्या अलीकडची, पंपाच्या बाजूची, प्लग-तोटी उघडा, पाणी येत राहिले तर व्हॉल्व्ह गेला.

## टप्पा ९: पावसाशी गाठ

सुरू उसाची मोठी बांधणी बहुधा मेअखेर-जूनमध्ये, म्हणजे पावसाच्या तोंडावर येते. आडसालीचा ४० टक्क्यांचा पहिला मोठा हप्ता सप्टेंबरमध्ये, परतीच्या पावसाच्या आसपास. दोन्ही वेळा घाई नडते.

मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला पाहा. पुढच्या चार दिवसांत जोरदार पावसाचा इशारा असेल तर खत थांबवा. आठ दिवस उशीर झाल्याने ऊस बिघडत नाही. बांधणी मात्र उरकून घ्या, ती झाली की सऱ्यांतून निचरा होतो. पाऊस ओसरून वाफसा आला की वरंब्याच्या बगलेला पहारीने खत द्या. रान इतके ओले राहणार असेल की आत जाता येणार नाही, तर मेमध्येच वाफशावर बांधणी करून हप्ता दोन भागांत द्या: निम्मा तेव्हा, निम्मा पहिली उघडीप मिळाल्यावर.

पाऊस जवळ आला की पाळी पूर्ण भरू नका. जमिनीत २०-२५ मिमीची जागा रिकामी असेल तर तेवढा पाऊस ती सामावून घेते. आधीच तुडुंब भरलेल्या रानावर ३० मिमी पडला तर तो सगळाच, असलेल्या नायट्रेटसकट, खाली उतरतो. डब्यात मोजलेला पाऊस वहीत पाळीसारखाच लिहा आणि पुढची पाळी तेवढी पुढे ढकला.

इशारा: अतिवृष्टीनंतर ऊस पिवळा दिसला म्हणून लगेच युरिया फेकू नका. पाणी साचल्याने मुळांना हवा मिळत नाही आणि नत्र असूनही उचलले जात नाही. चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा येऊ द्या, आठवडाभर नवीन पाने पाहा. तरीही पिवळी असतील तर एकरी १५-२० किलो युरिया गाडून द्या, गोणी नाही.

## टप्पा १०: जमते आहे की नाही ते पाहा

विहिरीचे पाणी मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये तपासा, दरवर्षी त्याच महिन्यांत. एका वर्षात आकडा खाली आला नाही म्हणून निराश होऊ नका. शेजारच्या रानांचे पाणीही त्याच विहिरीत येते. तुमच्या रानाचे उत्तर मातीत लवकर मिळते. पाऊस संपल्यावर ०-३० आणि ३०-६० सेंमीचे वेगळे नमुने घ्या, बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. उबदार पिशवीत दोन दिवस राहिले तर आकडा बदलतो. ३० सेंमीच्या थरात १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) नायट्रेट-नत्र म्हणजे एकरी दीड किलो. खालच्या थरात वरच्यापेक्षा जास्त दिसले तर नत्र उतरते आहे, आणि दोष बहुधा टप्पा २ किंवा ६ मध्ये आहे.

पिकावरही दिसते: पाणकोंब (उशिरा येणारे जाड कोंब) भरपूर फुटणे, ऊस लोळणे, पाने गर्द हिरवी राहून पक्वता लांबणे. यापैकी काही असेल तर पुढच्या हंगामात सर्वांत आधी मोठ्या बांधणीचा युरिया कमी करा. मोठ्या बांधणीचा हप्ता पूर्ण झाल्यावर, टप्पा ९ मधली अतिवृष्टीची वेळ सोडली तर, पाटपाण्याच्या उसाला नत्र देऊच नका.

## तोडणीनंतर

खोडवा ठेवणार असाल तर पाचट जाळू नका. ते कुजताना जमिनीतले मोकळे नत्र धरून ठेवते. पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका, आणि हा युरिया खोडव्याच्या हिशेबात धरा. बुडखे छाटल्यावर पहिले पाणी हलके द्या. जुनी मुळे निकामी झालेली असतात, नवी फुटलेली नसतात, म्हणजे पुन्हा लागणीच्या वेळचाच हिशेब.

ऊस मोडणार असाल तर रान पावसाळ्यात उघडे टाकू नका. मका किंवा ज्वारीचे कडवळ खत न देता पेरा. उरलेले नायट्रेट ते उचलून घेते आणि चाराही होतो. कडवळ वाढले नाही, पिवळे पडले, तर जमिनीत फारसे नत्र उरलेले नाही, असे समजून पुढच्या पिकाची मात्रा पूर्ण द्या. गर्द हिरवे आले तर पुढच्या लागणीच्या आधी नायट्रेट-नत्राची तपासणी करून घ्या आणि जेवढे निघेल तेवढे टप्पा ४ मध्ये वजा करा.